चौकातला फोटो तुझा नाही

शके,

आपल्या चौकात फ्लेक्स लागलाय. दोन्ही कोपऱ्यांत समया, मधोमध 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'शोकाकुल' म्हणून नावांची ही रांग. त्यातल्या निम्म्या लोकांना तू शाळेत काय शिकवायचीस तेही माहीत नसेल. ते असू दे. गेलेल्या माणसाच्या जिवावर नाव छापून घ्यायची हौस आपल्या सोलापुरात नवी नाही. पण फोटो! फोटो तुझा नाही गं. तुझ्या दिराच्या वास्तुशांतीतला आहे तो, पोपटी साडीतला. गाल वर आलेले, मान कुठं संपते कळत नाही, आणि शेजारी बसलेल्या कुणाचं तरी कोपर कापता कापता राहून गेलंय. रोज सकाळी मी त्या फ्लेक्सखालून तलावाकडं जाते आणि रोज माझं डोकं फिरतं.

ही बाई दोन वर्षांपूर्वीच गेली होती. तूच तिला घालवली होतीस, माझ्या डोळ्यांदेखत. आणि आता यांनी तिलाच परत आणून चौकात टांगलंय.

मी भाऊजींना जाऊन सांगितलं. बिचारे खुर्चीत बसले होते, समोर कुणीतरी आणून दिलेला चहा गार झालेला. तुझा नवरा मुळात कमी बोलणारा, आता तर विचारायलाच नको. म्हटलं, "भाऊजी, तो फोटो बदला. ती अशी दिसत नव्हती." त्यांनी मान वर केली आणि एवढंच म्हणाले, "विजूवहिनी, मग कुठला लावू?" घरी आले, मोबाइल उपसला, माझा, माझ्या नवऱ्याचा, तुझ्या लेकीचा, पल्लवीचासुद्धा. तुझा एक फोटो सापडेना. पल्लवीच्या साखरपुड्यातसुद्धा तू कॅमेऱ्याच्या मागं. त्या दोन वर्षांत तू कुणाला फोटो काढू दिलाच नाहीस. यावरून तुझ्याशी भांडायचं आहे, पण ते शेवटी. आधी बाकीच्यांचा हिशेब होऊ दे.

भाऊजींना भेटायला येणाऱ्या बायका काय म्हणतात माहितीये? "या वयात कशाला करायचं ते डाएटफिएट? उपाशी राहून राहून रक्त सुकलं." दुसरी म्हणते, "रोज पहाटे चालायला जायची ना, त्यानंच झालं." शके, तू गेलीस शाळेच्या स्टाफरूममध्ये, दुपारच्या सुट्टीत, डबा उघडताना. उपाशी नव्हतीस. डब्यात भाकरी होती, मेथी होती, शेंगाचटणी होती. डॉक्टरांनी भाऊजींना आणि मला समोर बसवून नीट सांगितलं की डोक्यातली नस फुटली, ती जन्मापासूनच कमजोर असणार, आणि हिच्या वजन कमी करण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे मी येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते. बाई मान डोलावते, पदर डोळ्यांना लावते आणि जाताना दारात दुसरीला सांगते, "तरी पण बाई, इतकं वाळायचं कशाला?"

लोकांना काय राग होता गं तुझ्या वाळण्याचा? तू जाड होतीस तेव्हा लिफ्ट बंद पडली तरी तुझ्याकडं बघून हसायचे. आणि तू उतरायला लागलीस तर एकानंही सरळ तोंडानं 'छान दिसतेस' म्हटलं नाही. "साखर निघाली का?" "थायरॉइड का?" "घरात काही टेन्शन आहे का?" आपल्याकडं बाईची तब्येत म्हणजे तिची चरबी. ती भरली की तब्येत झाली, उतरली की तब्येत गेली. खालच्या मजल्यावरच्या काकू तर तुझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाल्या होत्या, "माहेरी तरी सांगितलंस का, काय झालंय ते?" तू गंभीर चेहऱ्यानं म्हणालीस, "काकू, दोन भाकऱ्यांची एक झालीय. एवढंच झालंय." आणि जिन्यात मला धरून हसलीस.

आणि ते डॉक्टर, आपल्या दोघींचे. पाळी जायच्या वयात अंगाची भट्टी व्हायची, झोप उडायची, गुडघे कुरकुरायचे. काहीही सांगितलं तरी त्यांचं एकच औषध, वजन कमी करा. माझा कान दुखत होता गं. कानासाठी गेले होते, तर म्हणाले वजन कमी करा. कसं करायचं ते मात्र कुणी सांगायचं नाही. बाहेर आल्यावर मी रडले होते, आणि तू दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून म्हणालीस, "रडायलीस कशाला? उद्या सकाळी खाली ये. दुखरा कान घेऊन ये."

असं आपलं सुरू झालं. मी पतसंस्थेच्या काउंटरवर दिवसभर बसणारी, तू वर्गात उभी राहणारी, दोघी समोरासमोरच्या दारांतल्या आणि दोघी सारख्याच गोल. पहिले काही दिवस उत्साहाचे. मग मला कंटाळा आला. अंथरुणातून मेसेज टाकायचे, आज नको. तू उत्तर द्यायची नाहीस, सरळ दार वाजवायचीस. "चालायला चल असं मी म्हणतच न्हाई. नुसते बूट घाल. बूट घालून परत झोपलीस तरी माझं काही म्हणणं न्हाई." बूट घातलेली बाई झोपेल कशी? शिव्या देत मी खाली यायचे. हिवाळ्यात शाली गुंडाळून, उन्हाळ्यात ऊन वर चढायच्या आत, संभाजी तलावाच्या कडेनं आपण बडबडत निघायचो. तू सासूबाईंची नक्कल करायचीस, मी आमच्या मॅनेजरची. कितीदा तर हसून हसून बाकावर बसावं लागायचं. कुठल्याही पुस्तकातलं बळ माझ्या कामी आलं नसतं. मला उठवलं ते तुझ्या त्या दार वाजवण्यानं. त्यासाठी तुझे उपकार मानायचे राहूनच गेले. तू समोर असतीस तर "आली मोठी उपकारवाली" म्हणून उडवून लावलं असतंस.

मग काट्याचं भांडण. मी हौसेनं आकड्यांचा वजनकाटा आणला होता. सकाळी उठले की काट्यावर, ऑफिसातून आले की काट्यावर. काटा खाली गेला की त्या दिवशी मी राणी. वर गेला की नवऱ्यावर डाफरायचे, भाजीत मीठ विसरायचे. एकदा बरेच दिवस तो जागचा हलेचना. चालणं तेच, खाणं तेच, आणि काटा आपला ढिम्म. मी म्हटलं, गेलं खड्ड्यात, आणि तुझ्यासमोर बसून मुद्दाम दोन शेंगापोळ्या तूप घालून खाल्ल्या. तू बघत राहिलीस. मग उठून माझ्या घरातून काटा उचललास आणि तुझ्या कपाटात नेऊन कुलूप लावलंस. "आता महिन्यातनं एकदा देते. तुला वजन कमी करायचंय का काट्याला खूश करायचंय?"

तुझा हिशेब वेगळा होता, टिपांचा. तुझ्या आईचं शिलाई मशीन होतं तुझ्याकडं. ब्लाउजच्या आत शिंपी जास्तीचं कापड ठेवतो ना, ते आपण दोघींनी वर्षानुवर्षं सैल करत आणलेलं. एकेका बाळंतपणाला एक टीप उसवलेली, मग चाळिशीला आणखी एक, आणि पुढं तर उसवायला टीपच उरली नाही. आता तू उलटं करायला लागलीस. ब्लाउज काखेत ढगळा झाला की मशीनवर बसायचं आणि एक टीप आत घालायची. काटा हलत नव्हता त्याच महिन्यात तू माझा राखाडी ब्लाउज खेचून घेतलास, घालायला लावलास, बाजूला चिमूट धरून दाखवलीस. "हे काय हाय? हवा हाय का?" टीप घातलीस आणि तो ब्लाउज माझ्या अंगावर फेकलास. मी त्या रात्री नवऱ्याला चार वेळा तो ब्लाउज दाखवला. तो म्हणाला, "जुनाच आहे की." पुरुषांना काय कळणार.

तरी आपलं भांडण मिटलं नाही. मी म्हणायचे, आकडा खोटं बोलत नाही. तू म्हणायचीस, आकडा अर्धंच बोलतो. शेवटपर्यंत दोघी आपापल्या जागी. तो काटा अजून तुझ्या कपाटात आहे, शके. मागायला जीव होत नाही. आणि भाऊजी एक दिवस कपाट आवरताना तो भंगारात काढतील.

आता दहाव्याचं ऐक. घाटावर पानात काय वाढलं असेल? जिलेबी, भजी, गुलाबजाम, तूप सोडलेली शेंगापोळी. का, तर "तिला आवडायचं." आवडायचं, मान्य. मलाही आवडतं. पण तुझी सणालासुद्धा एक घास तोडून "बास" म्हणायची ती जिद्द कुणाला आठवली नाही. मला वाटलं, आता कावळा शिवणारच नाही. मनातून इच्छाच होती माझी. तासभर सगळ्यांना उन्हात ताटकळत ठेवशील, मग मी पुढं होऊन सांगेन की हे पान उचला, एक भाकरी आणि मेथी ठेवा. कसलं काय! पान ठेवलं आणि कावळा झडप घालून जिलेबी घेऊन गेला. सगळे म्हणाले, "तृप्त झाली." मी त्या कावळ्याकडं बघतच राहिले. तू होतीस का गं तो? असशील तर बरं झालं, खाल्लीस. नसशील तर तो हावरट कावळा भलत्याच कुणाचा तरी होता आणि आपण सगळ्यांनी त्याला उगाच हात जोडले.

आता तुझ्यावर येते.

मी दर महिन्याला म्हणायचे, शके, एक फोटो काढू दे. फरक दिसतो. धीर येतो. मोबाइल पुढं केला की तू ओढणी तोंडावर घ्यायचीस. "आत्ता न्हाई. पल्लवीच्या लग्नात, माझ्या लग्नातल्या शालूत. शालूवरच्या ब्लाउजची एकपण टीप न उसवता. तवा काढ किती काढायचेत ते." त्या शालूचं तुझं वेड मला माहीत होतं. जरीचा, डाळिंबी, त्यावरचा तो इवलासा ब्लाउज. लग्नानंतर तो तू एकदाही सैल करू दिला नव्हतास. "ह्यो आहे तसा ठेवायचा, आपण त्याच्याकडं जायचं," म्हणायचीस. मला ते ऐकायला छान वाटायचं. आज चीड येते. दोन वर्षं तू हसलीस, चाललीस, जिने धावत चढलीस, पन्नाशीत तुझ्या चेहऱ्यावर शाळेतल्या मुलीची हनुवटी परत आली, आणि यातलं काहीच मोजण्यासारखं नव्हतं का? टिपा मोजल्यास, आणि स्वतःला मात्र लग्नाच्या तारखेपर्यंत बाजूला ठेवलंस. सगळं पूर्ण झाल्यावरच दिसायचं, हे तुला कुणी शिकवलं? आणि हे तू मला शिकवलं नाहीस! मला काट्यावरून उतरवणारी तू, स्वतः मात्र एका ब्लाउजच्या दारात उभी राहिलीस. म्हणून आज चौकात ती पोपटी साडीतली बाई आहे. दुसरी कुणी ठेवलीच नाहीस तू.

तू जायच्या आधीच्या रविवारी दुपारी मला हाक मारलीस. दार लावून घेतलंस. शालूचा ब्लाउज घातलेला होता आणि पुढचे सगळे हूक लागले होते, सगळ्यात खालचा एक सोडून. मी तोंडावर हात घेतला. तू म्हणालीस, "बघत काय बसलीयस, ओढ की." तू श्वास रोखलास, मी दोन्ही टोकं धरून ओढली, आणि हूक लागला. मी ओरडलेच, "लागला! थांब, मोबाइल आणते." तेवढ्यात तू श्वास घेतलास आणि हूक निसटला. दोघी पलंगावर पडून हसलो. मी म्हटलं, "लागला होता, मी बघितलाय. झालं तुझं." तू मान हलवलीस. "श्वास रोखून लागलेला हूक मोजायचा न्हाई, विजे. त्यात जेवता आलं पायजे, हसता आलं पायजे, लेकीला वाटंला लावताना हुंदका देता आला पायजे. श्वास घेऊन लागला की मग खरा." थोडंच राहिलंय, तुळशीचं लग्न होईपर्यंत होईल, असं म्हणून तू ब्लाउज घडी करून ठेवलास. ही गोष्ट आपल्या दोघींत राहायची होती.

आता ती राहिली नाही. तुला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा माळशिरसहून तुझ्या आत्यासासूबाई आल्या होत्या. सगळं त्यांनी हातात घेतलं. सवाष्ण गेली, लग्नातल्या शालूतच जाऊ दे, म्हणाल्या. पल्लवीनं कपाटातून शालू काढला, त्याच्या घडीतून ब्लाउज निघाला. आत्याबाईंनी तो हातात धरून बघितला आणि म्हणाल्या, "आगं, ह्यो कुटं बसतोय हिला? पाठीतनं कापा आन् नुसता वरनं टाका." एकीनं लगेच कात्री आणली. तुला सांगते, एवढा वेळ मी रडत एका कोपऱ्यात बसले होते, ते रडणं तिथंच थांबलं. मी कात्री तिच्या हातातून काढून घेतली.

"कापायचा नाही," म्हटलं. "तिला बसतो तो."

"आसं काय करतीस बाई? मी काय हिला बगितली न्हाई व्हय?"

"तुम्ही बघितलेली वेगळी होती, आत्याबाई. हिला बसतो."

बायका माझ्याकडं वेड लागल्यासारखं बघत होत्या. एक म्हणाली, वेळ होतोय, बाहेर माणसं थांबलीत. थांबू देत म्हटलं. पल्लवी पुढं आली. तिनं तुझा एक हात धरला, मी दुसरा धरला, आणि आम्ही दोघींनी तो ब्लाउज हळूहळू तुझ्या अंगात घातला. खूप वेळ लागला. बाहेरून दोनदा हाक आली. मग वरून एकेक हूक लावत मी खाली आले. शेवटचा उरला. मी ओढायला दोन्ही टोकं धरली, तर ओढावं लागलंच नाही. हूक आपणहून घरात जाऊन बसला.

आत्याबाई वाकून बघत राहिल्या. "आगं बया," एवढंच म्हणाल्या, आणि मग तुझ्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. खोलीतल्या सगळ्या बायकांनी तुला बघितलं, शके. जशी झाली होतीस तशी. कात्री आणणारी हुंदके देत होती. पल्लवी मला म्हणाली, "मावशी, बसला. आईला बसला." मी मान हलवली. आज तुला सांगते, त्या क्षणी मला त्या हुकाचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कशाचाच आला नव्हता.

फ्लेक्स मी उतरवायला लावलाय. उद्या सकाळी माणूस येतोय, भाऊजींनी हो म्हटलंय. भिंतीवर कुठला फोटो लावायचा ते त्यांनी आणि पल्लवीनं ठरवावं, मी आता भांडणार नाही. लग्न वर्षाच्या आत उरकायचं ठरतंय. पल्लवी तिच्या शालूवरच्या ब्लाउजचं कापड बघायला मला घेऊन जाणार आहे. काल तलावावर मी एका अनोळखी मुलीच्या हातात मोबाइल दिला आणि माझा फोटो काढून घेतला. घामेजलेली, केस विस्कटलेले, अजून बरीच गोल. तू घातलेल्या टिपेचा राखाडी ब्लाउज त्यात दिसतोय. रोज काढणार आहे. तुला आवडो न आवडो.

बूट घालायला मात्र सकाळी फार वेळ लागतो. दार कुणी वाजवत नाही.

आणि तो हूक. बाकीच्या म्हणतात, तिची इच्छा पुरी झाली. अजिबात नाही झाली. श्वास रोखून लागलेला हूक मोजायचा नाही, तूच म्हणाली होतीस. मी मोजलेला नाही.